पटावर

शाळेच्या पटावर सात.
वर्गात अकरा.
वरच्या चौघांची नावं मी पेन्सिलीने लिहिते,
शाईने लिहिलेलं तालुक्याला जातं
आणि लाल होऊन परत येतं.

मनसरा साउद, चौथी.
तिचा भाऊ टेकेंद्र, दुसरी, डावखुरा.
बोहरांची जुळी, ज्यांना मी अजून
कानातल्या बाळीवरून ओळखते.
बाप सड्यावरच्या कलमांत राखणीला,
मोहराच्या आधीपासून.
दिवसा वानर, रात्री चोर.
आंबा राखायला कुणी कागद मागत नाही.

साहेब म्हणाले, नाव आपण कुणाचं कापत नाही हो बाई,
आधार जुळलं नाही तर यंत्र मोजत नाही, एवढंच.
साहेब वाईट नाहीत.
चहाचे पैसे त्यांनीच दिले.

तर तांदूळ येतो सातांचा.
मेस्त्रीणबाय आमटीत पाणी वाढवते
आणि पातेलं खरवडताना
माझ्याकडे बघत नाही.

जूनमध्ये कुलूप लागेल म्हणतात,
पट दहाच्या आत.
मग आमच्या वाडीची सातही
होडीने खाडीपलीकडे जातील शिकायला,
भर पावसात, दप्तराला प्लास्टिक गुंडाळून.
हे चार धरले असते तर वाचलो असतो,
मी दोनदा सांगितलं ग्रामसभेत.
सरपंच म्हणाले,
भायल्यांचां काय सांगतास बाई?

सरपंचांचा थोरला दोह्याला.
पगार तिथल्या आकड्यात बसत नाही
म्हणून बायकापोरांचा व्हिसा नाही.
सून खळ्यात उभी राहून, रेंज येते तिथे,
पोराला फोनमधला बाप दाखवते.
ते पोर पहिलीत आहे.
माझ्या सातांतलं सातवं.

जानेवारीत पोलीस ठाण्यात पडताळणी होती.
बाप हिंदीत अडखळतो, आई तर बोलतच नाही,
म्हणून मनसराला नेलं, शाळा बुडवून.
कधी आलात, कुठल्या वाटेने, कुणाच्या ओळखीने,
परत कधी जाणार.
नऊ वर्षांच्या पोरीने बापाच्या वतीने
सगळी उत्तरं दिली, मालवणीत.
हवालदार खूश.
ह्यां चेडू तर आमचांच, म्हणाला,
बिस्किटाचा पुडा दिला
आणि रकान्यात लिहिलं: बाहेरचे.

परत कधी जाणार,
ह्याचं उत्तर तिने काय दिलं
ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून टेकेंद्र
खाकी दिसली की बाकाखाली.
परवा पोस्टमन आला होता नुसता,
माझं विम्याचं पत्र घेऊन.
पोर बाहेर येईना.
पाटी तिथेच ओली झाली.
जुळ्यांनी न सांगता पाणी आणून ओतलं.

भिंतीवरच्या नकाशात
आपला देश रंगीत आहे, शेजार पांढरा.
त्या पांढऱ्यात, वर, डोंगर असायला हवेत तिथे
कुणीतरी पेन्सिलीने टिंब काढलंय.
आणि खाली, समुद्राला लागून, आणखी एक.
मधे रेघ नाही.
मी पुसलं नाही. विचारलंही नाही.
मी बऱ्याच गोष्टी विचारत नाही हल्ली.

तीच पुढे आली एकदा, हजेरीच्या वेळी,
वहीत डोकावून:
बाईनू, आमचीच नावां पेन्सिलीन कित्या?
पेन संपलं गो, म्हटलं.
सात नावं निळीशार समोर असताना.

खारी हवा, शिसं पुसट होतं,
दर सोमवारी मी चार नावं पुन्हा गिरवते.
ह्या सोमवारी टेबलावर
एक जाडजूड काळं मार्कर.
बागेतलं, पेट्यांवर नंबर टाकायचं.
ह्येचां पावसातपण जायत नाय, म्हणाली,
आणि जागेवर जाऊन बसली.

अजून तिथेच आहे ते.
टोपण लावलेलं.